गेंद्या बसतो

दिनेश बागुलला बसलेलं पाहिलंय, असं शपथेवर सांगणारा माणूस अख्ख्या नाशकात मिळायचा नाही. तो टेकतो. खुर्चीच्या कडेला, टेबलाच्या कोपऱ्याला, जिन्याच्या कठड्याला तो टेकतो आणि टेकल्याबरोबर उठायच्या तयारीला लागतो. पंगतीत बसवला तर भात यायच्या आत उठून स्वतःच वाढायला घेतो. स्वतःच्या लग्नात भटजींनी त्याला तीनदा ‘बसा’ म्हणून दटावलं होतं, तरी मधेच उठून तो मांडववाल्याला दोरी कुठं सैल झालीय ते दाखवून आला. बायको अजून ते सांगते, आणि सांगताना हसत नाही.

शाळेत मास्तरांनी पहिल्याच महिन्यात हात टेकले होते. फळा पुसणं, घंटा देणं, शेजारच्या वर्गातून खडू आणणं ही सगळी कामं त्यांनी कायमची दिनेशच्या गळ्यात घातली आणि उरलेल्या पोरांना शांतपणे शिकवलं. पुढे एसटीत कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा घरच्यांचा जीव भांड्यात पडला. उभं राहण्याचा आणि हिंडण्याचा पगार देणारी नोकरी ती! सटाणा ते नाशिक, नाशिक ते सटाणा, अशी नऊ वर्षं. गर्दीतून वाट काढायला एक खांदा पुढे, अंग तिरकं, पाय फाकलेले, अशी त्याची चालच होऊन गेली. गाडीत एखादं पोर रडायला लागलं की मशीनमधून तिकिटं काढता काढता तो त्याला गोष्ट सांगायचा, कांद्याच्या चाळीत राहणाऱ्या एका उंदराची. पोर गप्प व्हायचं आणि पुढच्या बाकांवरची मोठी माणसं माना वळवून ऐकायची.

त्या ऐकणाऱ्यांत एकदा महेश सर निघाले. इंदिरानगरला, प्लायवूडच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा ॲनिमेशनचा स्टुडिओ होता. देवळ्याला चढलेला हा माणूस नाशकातल्या द्वारकेला उतरायचा तो उतरलाच नाही, उंदराचं पुढे काय झालं ते विचारत शेवटच्या थांब्यापर्यंत आला. एसटीचा मोठा संप झाला त्या वर्षी दिनेशनं कंडक्टरची पिशवी खाली ठेवली आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो लेखक झाला. एका चॅनेलला लहान मुलांसाठी सव्वीस भागांची मालिका हवी होती. तिचं नाव ठरलं ‘चाळीतली मंडळी’.

कांदा साठवायची लांबलचक चाळ, लाकडी पट्ट्यांच्या हवेशीर भिंती आणि आत राहणारे तिघं. एक गेंद्या उंदीर, ज्याला घडीभर चैन पडत नाही. दुसरा दाजी, म्हातारा बोका, ज्याचे डोळे गेलेत आणि म्हणून ज्याला आता उंदीर खाण्यापेक्षा उंदराशी गप्पा मारणं परवडतं. आणि तिसरी आढ्यावर बसून सगळ्यांच्या भानगडी ऐकणारी चिमणी. हे सगळं लिहायचं दिनेशनं, आणि चित्रं काढून त्यांना चालतं-बोलतं करायचं रोशनी गांगुर्डेनं आणि तिच्या हाताखालच्या पाच जणांनी.

रोशनी एकतिशीची. बोलणं कमी, बघणं जास्त. पहिल्याच भागात दिनेशनं लिहिलं होतं, ‘बाजार गच्च भरलेला आहे.’ तिनं तो कागद त्याच्यापुढं धरला आणि विचारलं, “दादा, हे लिहायला तुम्हाला किती वेळ लागला?”

“का? हे काय, एका दमात लिहिलं.”

“आम्हाला तीन आठवडे लागतील.”

लेखकाला असं काही सुचतं तेव्हा त्याचे हात दुखत नाहीत, ही गोष्ट दिनेशच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरली. पण तेवढ्यानं तो सुधारेल तर तो दिनेश कसला? दिवसभर तो ॲनिमेटर लोकांच्या खुर्च्यांमागून येरझाऱ्या घालायचा, कुणाच्याही पडद्यात डोकावून “कान जरा मोठा घे की” म्हणायचा. चित्र काढणाऱ्याच्या पाठीशी उभं राहणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात वाकून बघणं. महिन्याभरात रोशनीनं फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिरवी चिकटपट्टी ओढली आणि सांगून टाकलं की लेखकानं काय हिंडायचं ते पट्टीच्या अलीकडे. दिनेशनं दोन दिवस तोंड फुगवलं, मग तो पट्टीच्या कडेकडेनं हिंडू लागला.

दुसरा नियमही तिचाच. एका भागात त्यानं लिहिलं, ‘गेंद्या आनंदानं वेडा होतो.’ तिनं विचारलं, “वेडा म्हणजे कसा? करून दाखवा.” फ्लॅटचं जुनं स्वयंपाकघर रिकामं होतं. तिथं ओट्यासमोर तिनं मोबाईल स्टँडवर लावला आणि दिनेशला वेडं व्हायला सांगितलं. त्यानं जो काही धिंगाणा घातला तो पाहून खालच्या दुकानातली माणसं वर आली होती. तेव्हापासून जो लिहील त्यानं आधी करून दाखवायचं, मग ॲनिमेटर ते बघून काढणार, असा रिवाजच पडला. गेंद्या आज पडद्यावर एक खांदा पुढे काढून, पाय फाकून, तिरका चालतो. गावोगावची पोरं तशी चालून दाखवतात. ती सटाणा गाडीच्या कंडक्टरची चाल आहे हे त्या पोरांना कुठलं माहीत असायला! दिनेशला मात्र त्याचा केवढा अभिमान होता. “मी लिहितो कसला,” तो म्हणायचा, “मी नुसता हलतो, रोशनी ते उतरवून घेते.”

असे पंचवीस भाग झाले. भांडणं रोज व्हायची आणि चहाबरोबर संपायची. सव्विसावा शेवटचा. त्यातल्या वीस सेकंदांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले.

गोष्ट साधी होती. मालक चाळ मोडणार आहे. दाजीला मालकाची लेक निफाडला घेऊन जाणार. निघायच्या आदल्या संध्याकाळी म्हातारा बोका गेंद्याला म्हणतो, “बस की जरा.” त्याच्या पुढं दिनेशनं लिहिलं होतं, ‘गेंद्या बसतो.’ आणि त्याखाली, ‘वीस सेकंद कुणीच काही बोलत नाही.’

सोमवारी रोशनीनं ते वीस सेकंद दाखवले. गेंद्या बसला होता, शेपटी पायाभोवती गुंडाळून. पडद्यावरची आकृती नुसती थांबवून ठेवली तर मेल्यासारखी दिसते, म्हणून तिनं त्याला श्वास दिला होता, एकदा पापणी मिटवली होती, मिशी जराशी हलवली होती. महेश सरांना आवडलं. दिनेश म्हणाला, “नाही. हा बसलेला नाही.”

तिनं पाठीचा बाक बदलला. दिनेश म्हणाला, “टेकलाय. बसला नाही.” तिनं पापणीची हालचाल काढून टाकली, श्वास संथ केला, मान खाली घेतली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाच वेळा झालं, बुधवारी दुपारपर्यंत नऊ. प्रत्येक वेळी दिनेश पट्टीच्या अलीकडे येरझाऱ्या घालत तेच म्हणत होता, आणि काय पाहिजे ते त्याला सांगता येत नव्हतं. शुक्रवारी भाग चॅनेलकडे जायलाच हवा होता. महेश सर दर तासाला आपल्या केबिनच्या दारात येऊन घड्याळ बघून आत जात होते. रोशनीच्या टीममधला एक जण पुटपुटला, की उंदीर बसला काय आणि उभा राहिला काय, पोरांना काय फरक पडतोय? दिनेश त्याच्यावर असा खेकसला की खोलीतले सगळे माऊस एकदम थांबले.

त्याला फरक पडत होता. सात महिन्यांपूर्वी, जानेवारीत, त्याचे वडील गेले होते.

सावळीराम बागुल हा बसणारा माणूस. सटाण्याजवळच्या गावात त्यांची स्वतःची चाळ होती आणि गावातले बाकीचेही आपापल्या चाळी त्यांना दाखवायला न्यायचे. ते काहीच करायचे नाहीत. चाळीत जाऊन पोत्यावर बसायचे, तासभर बसायचे, आणि मग उठून नेमक्या एका ठिकाणी हात घालून सडायला लागलेला कांदा बाहेर काढायचे. बसल्याशिवाय वास कळत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पोरगं भोवती भिरभिरत असायचं. आप्पा त्याला म्हणायचे, “बठ ना रे जरासा.” पोरगं तोवर चाळीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेलं असायचं. आप्पा कधी रागावले नाहीत. ते सांगत राहिले आणि तो पळत राहिला, चाळीस वर्षं हेच चाललं.

शेवटचे आठ दिवस ते नाशकात दवाखान्यात होते. आई, वत्सलाबाई, पलंगाशेजारच्या स्टुलावरून हलली नाही. दिनेश औषधं आणायचा, रिपोर्ट आणायचा, डॉक्टरांना गाठायचा, नातेवाइकांना खाली घ्यायला जायचा. कामं संपली की तो नवी कामं काढायचा. आप्पा डोळे मिटून पडलेले असायचे. हा आल्याचं त्यांना पावलांवरून कळायचं. ते म्हणायचे, “दिन्या, बठ ना.” तो पलंगाच्या कडेला टेकायचा, दोन मिनिटांनी खिशातला मोबाईल थरथरायचा, आणि तो बाहेर.

आठव्या दिवशी दुपारी असाच फोन आला. तो बोलत बोलत कॉरिडॉरच्या टोकाला गेला, परत फिरला, पुन्हा टोकाला गेला. अकरा मिनिटं. फोन ठेवून खोलीत आला तेव्हा आई आप्पांच्या उघड्या तळहातावर आपला हात ठेवून बसली होती आणि सगळं झालेलं होतं. आई त्याला काही म्हणाली नाही, नंतरही कधी काही म्हणाली नाही. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ त्यानं आपल्या मनानं लावून घेतला, आणि तेव्हापासून तो गावी गेला तरी रात्रीचा मुक्काम टाळू लागला.

म्हणून गेंद्यानं बसायला हवं होतं. निदान त्यानं तरी.

बुधवारी तीन वाजता रोशनीनं पेन खाली ठेवलं. “दादा, नियम तुम्हालाही आहे. बसायचं कसं ते करून दाखवा.”

“त्यात काय दाखवायचं? बसणं म्हणजे बसणं.”

“मग सोपंच आहे. चला.”

जुन्या स्वयंपाकघरात तिनं खाली सतरंजी अंथरली, मोबाईल स्टँडवर लावला, आणि स्वतः दाजी होऊन एका बाजूला बसली. दाजी आंधळा, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. प्रत्येक वेळी ती तसंच करायची, अर्धवट काम तिला जमायचंच नाही. मिटल्या डोळ्यांनी ती म्हणाली, “बस की जरा.”

दिनेश बसला. मांडी घालून, भिंतीला पाठ न लावता. पहिल्या पंधरा सेकंदांत त्यानं डावा गुडघा हलवायचा थांबवला, तर उजवा हलायला लागला. त्यानं दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. खाली दुकानात प्लायवूड कापायचं यंत्र सुरू झालं आणि त्या कर्कश आवाजानं त्याला एखाद्या ओळखीच्या माणसानं हाक मारल्यासारखं वाटलं. तो उठला. आवाज न करता, चोरासारखा, गॅलरीत गेला. काही काम नव्हतं तिथं. खाली एक टेम्पो मागे घेत होते, तो कठड्यावरून वाकून टेम्पोवाल्याला हातानं “अजून ये, अजून ये” असं दाखवत राहिला.

परत आला तेव्हा रोशनीचे डोळे उघडे होते आणि ती त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

“तुम्ही कधी उठलात?” तिनं विचारलं.

“आत्ताच. का?”

“मी तुमच्याशी बोलत होते. दाजी म्हणून काहीबाही बोलत बसले होते. आज वारा पडलाय, अमुक झालंय, तमुक झालंय. मला वाटलं तुम्ही बसलाय.” ती थांबली. “मला खरंच वाटलं, तुम्ही आहात.”

दिनेश ओट्याला टेकला, मग ओट्यापासून दारापर्यंत गेला, दारापासून ओट्यापर्यंत आला, आणि त्या येरझाऱ्यांत त्यानं तिला सगळं सांगितलं. पलंग, स्टूल, कॉरिडॉर, अकरा मिनिटं. सात महिन्यांत त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सांगताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की शेवटची दोन वाक्यं तो खिडकीकडे तोंड करून बोलला.

रोशनीनं विचारलं, “कुठल्या तारखेला?”

त्यानं सांगितली.

“एकोणिसावा भाग चालू होता तेव्हा,” ती हळूच म्हणाली. “गेंद्या पायऱ्या उतरतो की उडी मारतो, ते विचारायला कुणीतरी फोन केला होता. तो फोन माझा होता ना?”

“हो.”

“तुम्ही मला उडी समजावून सांगत होता. केवढ्या उत्साहानं सांगत होता. मी तुम्हाला अजून विचारत राहिले.”

“तुला काय माहीत होतं?” दिनेश म्हणाला. “मी सांगायला पाहिजे होतं, नंतर बोलतो म्हणून. तेवढंच सांगायचं होतं मला.”

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते भरले आहेत हे तिला दाखवायचं नव्हतं. ती मोबाईल काढून घेऊन तिच्या टेबलाशी गेली. दिनेश स्टुडिओतून निघाला आणि मोटारसायकलवरून उगाच आडगाव नाक्यापर्यंत जाऊन परत पाथर्डी फाट्याला घरी गेला.

गुरुवारी तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. महेश सरांनी दारातून विचारलं, “रोशनी, होतंय ना?” तर तिनं मान वर न करता हात केला. दिनेशची अवस्था बघवत नव्हती. त्यानं चहाचे कप विसळले, प्रिंटरमध्ये कागद भरले, कुणीही न सांगता पंख्याची पाती पुसली. चारच्या सुमाराला रोशनीनं त्याला हाक मारली. “दादा, या. पट्टी ओलांडून या.”

तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. तिनं दृश्य सुरू केलं.

दाजी म्हणतो, “बस की जरा.” गेंद्या बसतो. पायांना शेपटीचा वेढा घालून, अगदी शहाण्यासारखा. चार सेकंद. मग एक गुडघा हलू लागतो, मग दुसरा. बाहेर कशाचा तरी आवाज होतो. गेंद्याचे कान वळतात. तो दाजीकडे बघतो, दाराकडे बघतो, आणि चोरपावलांनी, तिरका, एक खांदा पुढे काढून, चित्राच्या बाहेर निघून जातो.

दिनेशला वाटलं, आता कॅमेरा त्याच्या मागे जाणार. पंचवीस भाग कॅमेरा गेंद्याच्या मागेच पळत होता. पण कॅमेरा हललाच नाही. चित्रात उरला तो म्हातारा बोका आणि त्याच्या शेजारची रिकामी जागा. बोक्यानं मान किंचित त्या जागेकडे वळवली आणि त्याचं तोंड हलू लागलं. तो बोलत होता. आवाज अजून नव्हता. मिटल्या डोळ्यांनी, समजुतीनं, मधे मधे थांबून, उत्तराला जागा ठेवून तो बोलत होता.

सात महिने दिनेशनं मनातल्या मनात तो कॉरिडॉर हजार वेळा पाहिला होता. फरशीच्या कडेची काळी पट्टी, टोकाची खिडकी, अग्निशामक नळकांडं. खोली त्यानं एकदाही पाहिली नव्हती. आपण बाहेर असताना आत काय चाललं होतं, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“तुम्ही लिहिलेलं मी बदललंय,” रोशनी म्हणाली. “गेंद्या एकदम बसणार नाही, दादा. पंचवीस भाग आपणच पोरांना सांगितलंय तो कसा आहे. शेवटच्या भागात तो शहाणा होऊन बसला तर पोरांना ते खोटं वाटेल. मलाही खोटं वाटत होतं, म्हणून जमत नव्हतं.”

“दाजी काय बोलतोय?” दिनेशनं विचारलं.

“ते मला कुठं माहीत? मी नुसतं तोंड हलवलंय. शब्द तुम्ही द्यायचे.”

सुचणं ही गोष्ट दिनेशला कधी जड गेली नव्हती. या वेळी मात्र त्याला काही सुचवायचंच नव्हतं. त्या अकरा मिनिटांत काय बोललं गेलं ते माहीत असणारं माणूस जिवंत होतं, आणि त्यानं आईला एका शब्दानं विचारलं नव्हतं. तो जुन्या स्वयंपाकघरात गेला, दार लोटून घेतलं आणि गावी फोन लावला.

आईनं उचलला. जेवलास का, पोरं कशी आहेत, हे सगळं झालं. मग त्यानं विचारलं. इकडून तिकडे फेऱ्या घालत, अडखळत, एकदाचं विचारलं, की माय, मी त्या दिवशी बाहेर फोनवर होतो, तेव्हा आप्पा काही बोलले का?

आई म्हणाली, “तू कधी इचारंच नही.”

आणि तिनं सांगितलं. न रडता, न कुढता, गव्हातले खडे काढावेत तसं एकेक करून सांगितलं. आप्पा सारखे बोलत होते. चाळीच्या उत्तरेकडच्या तिसऱ्या खांबाला वाळवी लागलीय, तो बदलायला हवा. थंडी कमी झाली की कांदा हलवून घ्यायला हवा. सगळं दिनेशला उद्देशूनच चाललं होतं. मधेच थांबून, पोरगं बसलंय ना याची खात्री करावी तसं, त्यांनी तिला विचारलं, “दिन्या बठेल शे का?”

“मंग?” दिनेशनं विचारलं. चालता चालता तो थांबला होता.

“मी सांगं, शे ना. आठेच बठेल शे.”

आप्पांनी पलंगाच्या कडेवर तळहात उघडा ठेवला, असं आई म्हणाली. पोराचा हात यावा म्हणून. तिनं स्वतःचा हात त्यात ठेवला. त्यांनी तो धरला, आणि वाळवीचं पुढं बोलत राहिले, बोलता बोलता थांबले.

फोन संपल्यावर दिनेश त्या ओट्याकडे तोंड करून रडला. चांगला मोठ्यानं रडला. बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं असणार, पण कुणी दार उघडलं नाही. आपल्याला आई माफ करत नाही असं समजून तो सात महिने तिच्यापासून पळत होता, आणि तिनं तर त्याच्या वाटचं बसून घेतलं होतं.

पाच वाजता तो बाहेर आला. त्यानं उभ्या उभ्याच, रोशनीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून, दाजीचं बोलणं लिहिलं. खांब, वाळवी, थंडी. मग दाजीचा प्रश्न, ‘गेंद्या बसलाय ना?’ आणि त्याखाली एक ओळ, जी द्यायला चित्रात दुसरं कुणीच नव्हतं, आढ्यावरच्या चिमणीला. ‘बसलाय. इथंच बसलाय.’

महेश सरांनी कागद वाचला. चिमणीला या दृश्यात घेतलं तर तिचं चित्र काढावं लागेल, आवाज उद्या सकाळी रेकॉर्ड करावा लागेल, वेळ कुठंय, असं ते म्हणणार होते. त्यांचं तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी दिनेशकडे पाहिलं आणि “दुपारी दोनपर्यंत द्या,” एवढंच म्हणून ते केबिनमध्ये गेले.

रोशनीनं कागद दोनदा वाचला. ही ओळ कुठून आली ते तिनं विचारलं नाही, दारामागचा फोन आणि रडणं तिनं ऐकलं होतं. तिनं नवी फ्रेम उघडली, आढं काढलं, त्यावर चिमणी बसवली. मग पेन थांबवून, कामाचंच विचारावं तसं तिनं विचारलं, “चिमणीची चोच किती उघडू?”

“थोडीच,” दिनेश म्हणाला. “तिचं बोलणं फक्त बोक्याला ऐकू जायला हवं.”